डाळिंबाला भोकं पाडणारा पतंग: फवारणीचा पंप भरण्याआधीची कामं, क्रमाने

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ असो की माण, खटाव, फलटण. डाळिंबाला रंग चढायला लागला की फोनवर एकच प्रश्न येतो. "रात्रीचा पतंग फळांना भोकं पाडतोय, कुठलं औषध मारू?" विचारणाऱ्याचा पंप तोवर भरूनही झालेला असतो. आठ-दहा दिवसांनी त्याच माणसाचा परत फोन येतो, कारण फळगळ थांबलेली नसते.

औषध हलकं होतं म्हणून असं होत नाही. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. रस शोषणारा पतंग आपल्या बागेत जन्मत नाही. त्याची अंडी, अळी, कोष हे सगळं बांधावरच्या, ओढ्याकाठच्या वेलींवर होतं. बागेत येतो तो थेट पंखांवर, अंधार पडल्यावर, फक्त रस प्यायला. आणि उजाडायच्या आत निघून जातो. तो पान खात नाही, त्यामुळे पानावरचं औषध त्याच्या पोटात जायचं कारण नाही. सोंड सालीतून आत घालतो आणि दाण्यातला रस ओढतो. दिवसा केलेल्या फवारणीने मरतात त्या मधमाश्या आणि मित्रकिडी. आणि काढणी तोंडावर आलेली असताना फळावर औषधाचा अंश राहतो तो वेगळाच.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन जमले तर पुढच्यांचा भार निम्म्याने उतरतो. पहिले तीन सोडून थेट पाचव्या-सहाव्यावर गेलात, तर रोज रात्री बागेत उभं राहूनही फळं हातची जातील.

## टप्पा १: भोक कोणाचं आहे, ते आधी ओळखा

डाळिंबावर भोक दिसलं की सगळेच "पतंग" म्हणतात. निम्म्या वेळा तो पतंग नसतो.

झाडावरची आणि खाली पडलेली मिळून दहा-बारा खराब फळं गोळा करून सावलीत मांडा. एकेक हातात घेऊन बघा.

टाचणीच्या टोकाएवढं गोल छिद्र, भोवती साल मऊ आणि तपकिरी. अंगठ्याने दाबल्यावर छिद्रातून रसाची धार किंवा थेंब बाहेर येतो. विष्ठा नाही, आत अळी नाही. हा रस शोषणारा पतंग. सोंडेबरोबर बुरशी आणि जिवाणू आत शिरतात, म्हणून दोन-चार दिवसांत तो भाग सडतो आणि फळ गळतं.

मोठं, पेन्सिल आत जाईल असं छिद्र, तोंडाशी ओली विष्ठा, घाण वास. हे काम फळ पोखरणाऱ्या अळीचं. ती फुलपाखराची अळी आहे आणि ते फुलपाखरू दिवसा उडतं. अंडी फुलावर, कोवळ्या फळावर घातलेली असतात, म्हणून तिचा बंदोबस्त फूल आणि फळधारणेच्या वेळीच करावा लागतो. या लेखातली रात्रीची कामं तिच्यावर चालणार नाहीत.

पाणचट काळपट डाग आणि इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी तडकलेली साल. हा तेल्या, म्हणजे जिवाणूंचा रोग. किडीशी त्याचा काही संबंध नाही.

फळाच्या उन्हाकडच्या एकाच बाजूला मोठा करपलेला चट्टा. ऊन लागलंय.

पेरू, मोसंबी, सीताफळ अशी दुसरी फळझाडं असतील तर त्यांच्याखालचीही फळं बघा. हा पतंग त्यांच्यावरही येतो. पेरू कापल्यावर आत पांढऱ्या वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. तिच्यासाठी सापळे वेगळे लागतात.

> तपासा: दहातल्या किती फळांना टाचणीएवढं छिद्र आहे, ते वहीत लिहा. बागेच्या कोणत्या बाजूच्या ओळींतली फळं आहेत, तेही लिहा. ही नोंद पुढच्या टप्प्याला लागणार आहे.

पतंग एकदा बघितला की विसरत नाही. पंख पसरले की तळहातावर मावत नाही एवढा मोठा. वरचे पंख वाळक्या पानासारखे तपकिरी, त्यामुळे बसलेला असताना पाचोळाच वाटतो. खालचे पंख मात्र भडक पिवळे-नारिंगी आणि त्यांवर काळे ठिपके किंवा काळी कोर. त्याच फळावर कधीकधी एक लहान पतंगही दिसतो, काळसर खालच्या पंखांवर पांढरा पट्टा असलेला. एरंडावर जी उंटअळी असते, तिचाच तो पतंग.

## टप्पा २: रंग चढायच्या दीड महिना आधी बांध फिरा

हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा सुटतो, आणि सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

अंड्यापासून पतंग व्हायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो. फळाला रंग यायच्या वेळी जो पतंग बागेत शिरणार, त्याचं अंडं महिनाभर आधी कुठल्यातरी पानावर घातलेलं असतं. बांध साफ करायचा तर तेव्हाच. फळं गळायला लागल्यावर वेली तोडणं म्हणजे कोंबड्या उडून गेल्यावर खुराडं बंद करणं.

आपल्या भागात या पतंगाचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास जास्त असतो. आंबे बहार (हिवाळ्याच्या अखेरीस धरलेली फुलं) उशिरा धरला आणि फळ ऑगस्ट-सप्टेंबरात रंगात आलं, तर बांध जुलैतच फिरायला हवा. मृग बहारात (पावसाच्या सुरुवातीला धरलेली फुलं) फळ ऑक्टोबरपासून रंगू लागतं; तिथे ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या मध्यात अशा दोन फेऱ्या ठेवा.

काय शोधायचं:

*गुळवेल.* पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडाची साल पातळ, पापुद्रे सुटणारी. वरून दोरीसारखी मुळं खाली लोंबतात. कडुलिंबावर, बाभळीवर, हिवरावर चढलेली सापडते. फळं पिकली की लाल.

*वासनवेल.* पान लहान, मऊ लव असलेलं, हाताला मखमलीसारखं लागतं. बोरीच्या जाळीत, घाणेरीत, तारेच्या कुंपणावर गुंतलेली असते. फळं पिकल्यावर जांभळट काळी. गुळवेल सगळ्यांना ठाऊक असते, पण हिच्याकडे लक्ष जात नाही. कोरडवाहू माळावर, दगडी तालींच्या सांदीत ती भरपूर असते. माझ्या अनुभवात "आमच्याकडे गुळवेल नाहीच" म्हणणाऱ्यांच्या कुंपणावर हमखास वासनवेल निघते.

*एरंड.* मोठ्या पतंगासाठी नव्हे, उंटअळीसाठी. दुय्यम आहे, पण बागेला लागून असेल तर त्याच फेरीत अळ्या वेचून टाका.

अळी कशी दिसते: मखमली, गडद तपकिरी, काळपट किंवा हिरवट. अंगाच्या बाजूला डोळ्यासारखे गोल ठिपके, त्यांना पिवळी-पांढरी कडा. हात लावला की डोकं खाली मुडपून शेपूट वर करते. बघून बिचकायला होतं, पण चावत नाही आणि तिचे केस टोचत नाहीत. कोष मात्र पानं शिवून केलेल्या गुंडाळीत लपलेला असतो. गुंडाळलेलं पान दिसलं की उघडून बघाच.

कामाचा क्रम:

१. नोंदवहीत ज्या बाजूच्या ओळी खराब लिहिल्यात, त्या बाजूच्या बांधापासून सुरुवात करा. मग ओढा, विहिरीची कड, पडीक तुकडा, शेजाऱ्याचा बांध.

२. आधी पानं उलटून अळ्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. वेल आधी तोडली तर अळ्या गवतात पडतात आणि दुसऱ्या वेलीकडे सरकतात.

३. मग वेल बुडाशी कोयत्याने तोडा आणि मूळ टिकावाने खणून काढा. गुळवेलीचं नुसतं बूड कापून भागत नाही. वर झाडावर राहिलेला वेलाचा भाग दोरीसारखी मुळं खाली सोडतो आणि जमिनीला टेकून पुन्हा जगतो. त्यामुळे वरचा वेलही ओढून खाली घ्या.

४. तोडलेले तुकडे बांधावर टाकू नका. पहिल्याच पावसात तुकडा रुजतो. कडक उन्हात, खडकावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पूर्ण वाळवा, मग जाळा.

५. तीन आठवड्यांनी परत फिरा. मुळाचा राहिलेला तुकडा फुटलेला दिसेल.

> इशारा: बांध साफ करायचा म्हणून तणनाशकाची सरसकट फवारणी करू नका. बांधावरच्या दुसऱ्या फुलांवर मधमाश्या आणि परोपजीवी माश्या (किडींच्या अंगावर वाढून त्यांना मारणाऱ्या) जगतात. बोर, बाभूळ, घाणेरी यांचा दोष नाही; त्यांच्यावर चढलेली वेल तेवढी काढा.

गुळवेलीवरून घरात वाद होतात, तेही सांगतो. करोनाच्या काळात घरोघरी काढ्यासाठी गुळवेल लावली गेली, आणि अजून ती पडवीच्या खांबावर, गोठ्याच्या छपरावर आहे. आजी ती काढू देत नाही आणि तिचं बरोबरच आहे. घराजवळची एक वेल ठेवायला हरकत नाही, पण मग तिची जबाबदारी घ्या. दर आठवड्याला पानं उलटून बघा आणि दिसेल ती अळी वेचा. लक्ष ठेवलेल्या वेलीपासून धोका नाही. जिच्याकडे कोणी बघत नाही, ती घातक.

दुसरी अडचण शेजाऱ्याची. हा पतंग लांबवर उडतो. तुमचा बांध आरशासारखा लख्ख असला आणि पलीकडच्या पडीक रानात वेलींचं रान माजलेलं असलं, तर फरक थोडाच पडेल. डाळिंबवाल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवून एकत्र फिरणं हाच यावर उपाय. पडीक रानाच्या मालकाला आधी विचारा. "तुमची झाडं नाही तोडत, वेल काढतो" एवढं सांगितलं तर सहसा कोणी अडवत नाही.

## टप्पा ३: फळ झाका, पण चिकटवू नका

आपल्याकडे डाळिंब उन्हापासून वाचवायला जुन्या साड्या, क्रॉप कव्हर टाकायची पद्धत आहे. आटपाडी-सांगोला पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात आख्खी बाग रंगीबेरंगी साड्यांत उभी दिसते. ऊन अडवायला ती पद्धत चांगली. पतंगासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका. साडी फळाला टेकलेली असते आणि पतंगाची सोंड टणक, टोकाला करवतीसारखी असते. डाळिंबाची जाड साल भेदणाऱ्या सोंडेला पातळ कापड काय अडवणार?

मीही ही चूक केली आहे. एका वर्षी घाईत कागदी पिशव्या फळावर घट्ट ओढून बांधल्या. बाहेरून पिशवी धड, आत फळाला तीन-तीन भोकं. त्यानंतर कळलं की पिशवीच्या कागदापेक्षा पिशवी आणि फळ यांमधली मोकळी जागा महत्त्वाची.

कधी: विरळणी (जादा फळं काढून टाकणं) झाल्यावर, फळ मोसंबीएवढं व्हायच्या आत. रंग चढायला लागल्यावर पिशवी घालणं म्हणजे उशीर.

क्रम:

१. आधी विरळणी. एका जागी चिकटून वाढणारी दोन फळं एका पिशवीत घालू नका. जिथे ती एकमेकांना टेकतात तिथेच पिठ्या ढेकूण आणि कुज सुरू होते.

२. फळाच्या तोंडाशी ज्या पाकळ्या असतात त्यांच्या आत बघा. पिठ्या ढेकूण, फुलकिडे, पोखरणाऱ्या अळीची अंडी तिथेच लपतात. त्यांच्यासह पिशवी बांधली, तर आपणच किडीला घर बांधून दिलं.

३. पिशवीआधीची शिफारशीतली फवारणी झाली असेल तर फळ पूर्ण सुकू द्या. ओल्या फळावर पिशवी नको.

४. पिशवी फुगवून घाला. फळ मध्ये लोंबतं राहावं, कुठल्याही बाजूने कागद टेकू नये. फळ आणखी मोठं होणार, हे धरून मोठ्या मापाची घ्या.

५. देठाशी आवळा. तिथे बोट जाईल एवढी फट राहिली तर पतंगही जातो.

६. कागदी पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला छोटी चीर द्या, म्हणजे पाणी साचणार नाही.

> तपासा: पिशव्या बांधून झाल्यावर ओळीतून चालत जा आणि दर दहाव्या झाडाची एक पिशवी उघडून बघा. पाणी, पिठ्या ढेकूण, कुजका वास, यांतलं काही आढळलं तर त्या ओळीतल्या सगळ्याच पिशव्या बघा. मोठ्या पावसानंतर ही तपासणी पुन्हा.

सगळ्या बागेला पिशव्या परवडत नसतील तर निवड करा. बांधाकडच्या, ओढ्याकडच्या बाहेरच्या ओळी आधी. नोंदवहीत गेल्या वर्षीच्या खराब ओळी असतील तर त्याच.

जाळी टाकणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. जाळी झाडाच्या अंगावर टाकू नका, तारेच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर ताणा. खालची कड जमिनीला टेकवून दगड किंवा माती ठेवा.

## टप्पा ४: पडलेलं फळ रोज सकाळी उचला

यात सांगण्यासारखं थोडं आहे, पण रोज करायचं आहे. सडक्या, आंबलेल्या फळाच्या वासावर पतंग येतात. स्वतः साल भेदू न शकणारे लहान पतंगही आयत्या भोकातून रस प्यायला जमतात.

सकाळी ऊन चढायच्या आत पाटी घेऊन फिरा. झाडावर सडत असलेली फळंही तोडा. बागेबाहेर दोन फूट खोल खड्डा करा आणि रोजची फळं टाकून वर माती ओढा. उकिरड्यावर किंवा रस्त्याकडेला फेकलेली फळं म्हणजे पतंगाला दिलेलं निमंत्रण. जनावरांना घालायची असतील तर औषध मारलेली किंवा बुरशी आलेली घालू नका.

## टप्पा ५: रात्रीची फेरी

पहिल्या फळाला रंग दिसला की फेरी सुरू. पतंग दिवस मावळल्यावर यायला लागतात आणि आठ ते अकराच्या दरम्यान सगळ्यात जास्त दिसतात. पहाटे फिरून उपयोग कमी. कडूस पडल्यावर, म्हणजे दिवेलागणीनंतर, अर्ध्या-पाऊण तासाने पहिली फेरी, दहाच्या सुमारास दुसरी.

लागतं ते एवढंच: डोक्याला बांधायची बॅटरी, हातजाळी, झाकणाची बादली आणि तिच्यात साबणाचं पाणी. दोघांनी मिळून फिरा.

१. बाहेरच्या ओळींपासून आत या. वाऱ्याच्या खालच्या बाजूने सुरुवात करा. फळाच्या वासावर पतंग त्याच बाजूने येतो.

२. बॅटरी फळाच्या पातळीला धरून आडवा झोत फिरवा. पतंगाचे डोळे त्या झोतात निखाऱ्यासारखे तांबूस चमकतात. पंख शोधत बसू नका, डोळे शोधा.

३. रस पिणारा पतंग चटकन उडत नाही, सोंड आत रुतलेली असते. जाळी खालून वर आणा, घाई नको.

४. जाळीत आला की छाती चिमटून बादलीत टाका.

५. फेरी संपली की मोजा आणि ओळीसह वहीत लिहा.

डास मारायची विजेची रॅकेट काही जण वापरतात. उडत्या पतंगावर चालते, पण फळावर बसलेल्या पतंगावर मारलीत तर फळाची साल दुखावते आणि तिथूनच सड लागते.

> इशारा: रात्री बागेत गमबूट घातल्याशिवाय पाऊल टाकू नका. पावसाळ्यात घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या भागात असतात आणि ठिबकच्या नळीशेजारच्या ओलाव्याला येऊन बसतात. पडलेलं फळ अंधारात हाताने उचलू नका. ते सकाळचं काम आहे.

> तपासा: सलग तीन रात्री आकडा वाढत असेल, तर बांधावर कुठेतरी वेल राहिली आहे. आकडा ज्या ओळींत जास्त, त्या बाजूला दुसऱ्या दिवशी उजेडात परत फिरा.

## टप्पा ६: विषारी आमिष, संध्याकाळी लावायचं, सकाळी काढायचं

आमिषाची सांगितली जाणारी कृती अशी: दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवा, त्यात सुमारे ६ मिली व्हिनेगर किंवा खराब फळाचा थोडा रस आणि २० मिली मॅलाथिऑन. मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओतून साधारण दहा झाडांमागे एक भांडं टांगा.

कृती सोपी आहे, चुका मात्र पुढच्या होतात.

*औषध जास्त घालणं.* "जरा जास्तच टाकू, पक्का मरेल" असं म्हणून माप दुप्पट केलं की गुळाचा वास औषधाखाली दबतो आणि पतंग भांड्याकडे वळत नाही. मापाचं झाकण वापरा.

*उशिरा लावणं.* आख्खी बाग पिकून घमघमत असताना दोन लिटर गुळाच्या पाण्याला कोण विचारतो? आमिष चालतं ते फळाला नुकता रंग चढताना किंवा फळं पिशवीत असताना.

*बागेच्या मधोमध लावणं.* भांडी बाहेरच्या ओळींत, फळांच्या उंचीला हवीत. पतंगाला आत बोलवायचं नाही, दारातच अडवायचं आहे.

*दिवसभर उघडं ठेवणं.* ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. गुळाच्या वासावर दिवसा मधमाश्या येतात आणि भांड्यात तरंगताना दिसतात. आपल्याच डाळिंबाची फळधारणा त्या करतात. संध्याकाळी सूर्य बुडल्यावर भांडं टांगा, सकाळी सहाच्या आत झाकण लावा किंवा काढून ठेवा. जमणार नसेल तर आमिष लावूच नका.

*जुनंच वापरत राहणं.* तीन-चार दिवसांनी मिश्रण बदला. पावसाचं पाणी पडलं तर त्याच दिवशी. जुनं मिश्रण ओढ्यात, पाटात ओतू नका. पाण्यापासून दूर खड्ड्यात ओतून बुजवा.

> इशारा: भांडी जमिनीवर ठेवू नका. गोड पाणी कुत्रं, वासरू, कोंबडी पितं, आणि लहान मुलंही हात घालतात. प्रत्येक भांड्यावर लाल रंगाने "विष" लिहा. या कामाची भांडी परत घरात आणू नका. मिसळताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

बाग निर्यातीसाठी अनारनेटवर (निर्यातीच्या डाळिंब बागांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) नोंदवली असेल तर आमिषातलं औषध बागेत आणण्याआधीही विचारून घ्या. कोणती औषधं कोणत्या पिकावर चालतात हे नियम बदलत असतात. जुन्या पत्रकात छापलेलं किंवा दुकानदाराने सांगितलेलं आज चालेलच असं नाही. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र यांची चालू वर्षाची शिफारस घ्या आणि डब्यावरच्या लेबलवर आपलं पीक आहे का ते वाचा. फळावर थेट फवारणीचा सल्ला मिळालाच, तर काढणीपूर्व किती दिवस थांबायचं हे विचारल्याशिवाय पंप उचलू नका.

धूर आणि दिवे. संध्याकाळी ओला पालापाचोळा आणि कडुलिंबाचा पाला घालून धूर केला की पतंग थोडा वेळ दूर राहतात. वारा पडलेला असेल तरच. माणदेशात पठारावरचा वारा धूर पाच मिनिटांत पळवतो, म्हणून धुराला आधार माना, भिंत नको. ठिबकच्या नळ्यांपासून विस्तव लांब ठेवा. प्रकाश सापळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या पतंगासाठी एकट्या सापळ्यावर पैसे घालू नका. तो दिव्यापेक्षा फळाच्या वासावर जास्त येतो, आणि सापळ्यात दुसरेच किडे भरतात. कोणी आधीच बसवला असेल तर बागेच्या बाहेर, लांब ठेवावा, आत नाही. जपानमध्ये बागांत रात्रभर पिवळे दिवे लावून अशा पतंगांना दूर ठेवतात. आपल्याकडच्या भारनियमनात ते कसं जमायचं, हा प्रश्न उरतोच.

## टप्पा ७: काढणी आणि निवड

पक्व फळ झाडावर ठेवू नका. भाव वाढेल म्हणून आठ दिवस थांबलेली फळंच पतंगाला सगळ्यात आधी सापडतात. बाहेरच्या ओळी आधी तोडा. दोन-तीन तोड्यांत काढणी करा. एकदाच सगळं काढायचं म्हणून पहिलं पिकलेलं फळ तीन आठवडे लटकवत ठेवणं परवडत नाही.

आता महत्त्वाची चूक. कालच रात्री भोक पडलेलं फळ आज सकाळी वरून धडधाकट दिसतं. ते कॅरेटमध्ये जातं, गाडीत बसतं आणि बाजारात पोचेपर्यंत आतून पाणी सुटतं. एक फळ शेजारच्या चार फळांना भिजवतं. सौद्यात कॅरेट उलटं केल्यावर खालची फळं ओली निघाली की सगळ्या मालाचा भाव पडतो.

म्हणून:

१. पहाटेची तोडणी सावलीत, एका थरात पसरा. ढीग करू नका.

२. शक्य असेल तर एक रात्र तशीच ठेवा. भोवतीची साल मऊ पडली की छिद्र स्वतःहून दिसायला लागतं.

३. प्रत्येक फळ फिरवून बघा. संशय आला तर छिद्राजवळ अंगठ्याने हलकं दाबा. ओल आली तर बाजूला.

४. बाजूला काढलेली फळं त्याच दिवशी रसासाठी किंवा दाण्यांसाठी वापरा. सडलेला भाग असेल तर खड्ड्यात.

५. पिशवीतली फळं पिशवी काढूनच निवडा. "पिशवी होती म्हणजे चांगलंच असणार" असं धरू नका.

> तपासा: बाजूला पडलेल्या फळांचा आकडा ओळीप्रमाणे वहीत. रात्रीच्या फेरीतले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून वाचले की पतंग कुठल्या बांधावरून येतो ते कळतं.

## टप्पा ८: बाग रिकामी झाल्यावर

काढणी संपली की आपलं लक्ष छाटणीकडे, खताकडे, पुढच्या बहारासाठी पाणी तोडून ताण देण्याकडे जातं. पण रिकाम्या बागेत लटकत राहिलेली, वाळलेली, फुटलेली फळं उतरवून घ्या आणि पिशव्यांचे तुकडे, सुतळ्या गोळा करा.

वहीतल्या सगळ्यात खराब बांधावर एक खूण करा, झाडाला चुन्याचा पट्टा किंवा दगडावर रंग. जूनमध्ये पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की त्याच खुणेपाशी जा. उन्हाळ्यात मेली असं वाटलेली वासनवेल तिथे कोवळी फुटलेली असते, मूळ हातभर खोल असतं आणि माती ओली असल्याने टिकाव सहज जातो.